पाळीची वही

आमच्या सामायिक विहिरीवर, मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या वरच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली, पाण्याच्या पाळ्यांची एक वही लोंबत असते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पानांचे कोपरे ओल्या हातांनी फुगलेत, मधल्या काही पानांवर ग्रीसचे अंगठे उमटलेत. एक वही भरली की दुसरी बांधायची आणि जुनी आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत टाकायची, असा रिवाज. सगळ्यात जुन्या वहीत माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं, मोडीच्या वळणाचं अक्षर आहे.

विहीर सोळा आण्यांची. थोरल्या घराचे सहा आणे, आमचे चार, चुलत्यांचे चार आणि ओढ्याकडच्या घराचे दोन. दोन आण्याला एक दिवस, म्हणजे आठ दिवसांचा फेरा. हिशोब सोपा वाटतो, पण शेतीची लाईट कधी दिवसाची असते, कधी रात्रीची, आणि मध्येच जाते. गेलेले तास कुणाच्या खात्यावर घालायचे? यावरून भावाभावांत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. आबांनी त्यावर नियम घातला होता: पाळी घड्याळाची नाही, लाईटीची. जेवढे तास लाईट गेली तेवढे पुढच्या फेऱ्यात भरून द्यायचे. आणि ज्याची पाळी चालू आहे त्यानं वहीत लिहायचं नाही, ज्याची पुढची पाळी आहे त्यानं लिहायचं. पाळीवाल्याला चार मिनिटं जास्त लावायचा मोह होणार, पण त्याचे तास लिहायला त्याच्या मागचा उभा असतो. दर अवसेला वही मोठ्यानं वाचायची, चारी घरांनी ऐकायची. अवस एवढ्यासाठी, की पूर्वी त्या दिवशी बैलांना सुट्टी असायची आणि सगळे मोकळे असायचे.

मी सांगलीत अर्थशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात वर्गात समाजवादाचा विषय चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, समजा झाली क्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध कोण घालणार?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण समाजवादाबद्दल विचारायचा खरा प्रश्न तोच आहे. मोर्चे, घोषणा, लाल निशाणं यांच्यावर लिहिणारे पुष्कळ. सकाळच्या दुधावर फार कमी लोकांनी लिहिलं आहे. त्या मुलाला मी तासाला अर्धंमुर्धं उत्तर दिलं. रात्री मात्र झोप लागेना, आणि डोळ्यांपुढे सारखी ती खिळ्याची वही येत राहिली.

आमच्या भागाला "दुसऱ्या दिवशी काय" हा प्रश्न नवा नाही. तीन वर्षं तो इथं प्रत्यक्ष जगला गेलाय. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं लोकांचं स्वतःचं सरकार, चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा मुलूख तेव्हा त्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी ही नावं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वेगाडी, १९४४ च्या एप्रिलमध्ये लुटलेला धुळ्याचा सरकारी खजिना, हे सांगताना म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून काटा येतो.

आबा त्या वेळी बारा वर्षांचे होते. ते गाडीबद्दल फारसं बोलायचे नाहीत. ते सांगायचे न्यायदान मंडळाबद्दल. बांधाचं भांडण, सावकाराकडं अडकलेला गहाणाचा कागद, नवऱ्यानं टाकलेली बाई, ही असली कामं रात्री मळ्यातल्या वस्तीवर निघायची. कंदिलाला बाहेरून पोतं गुंडाळलेलं, म्हणजे उजेड लांबून दिसू नये. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि पहाटेच्या आत निकाल द्यायचा. कोर्टात पिढ्या घालवलेल्या माणसांना तो चमत्कार वाटला असणार. दारूबंदी, गावोगावी वाचनालयं, थोडक्या खर्चात लग्न, ही कामं त्याच माणसांनी अंगावर घेतली होती. सरकार म्हणजे तालुक्याच्या गावातली लांबची कचेरी, हा समज लोकांच्या मनातून त्या तीन वर्षांत पार निघून गेला.

पण आबा आणखी एक सांगायचे. गुन्हेगारांच्या, खबऱ्यांच्या तळपायावर मार पडायचा, बैलाला पत्री ठोकावी तसा. पत्री सरकार हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते त्यावरूनच, असं आमच्याकडं मानतात. "न्याव झाला, पर भ्याव बी हुतं," आबा म्हणायचे, "आन भ्याव असलं की मान्सं खरं बोलत न्हाईत." डोक्यावर पोलिसांची कुऱ्हाड टांगलेली असताना त्या लोकांनी जे केलं त्याच्यापुढं मी मान तुकवते. पण उद्याची मांडणी करताना आबांचं ते वाक्य मला बाजूला ठेवता येत नाही.

त्याच्या आधी बहात्तर वर्षं, १८७१ साली, पॅरिसच्या कामगारांनी असंच राज्य चालवून पाहिलं. १८ मार्च ते २८ मे, जेमतेम ७२ दिवस. मला त्या राज्याची आवडते ती एक बारकी गोष्ट: बेकरीतली रात्रपाळी त्यांनी बंद केली. शहराला सकाळी ताजा पाव मिळावा म्हणून पाववाला रात्र रात्र जागायचा, ते थांबवलं. वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचाच हा भाऊ म्हणायचा. त्यांनी अधिकाऱ्यांच्या पगाराला वर्षाला ६००० फ्रँकची मर्यादा घातली, निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्क मतदारांना दिला आणि मालक सोडून पळालेले कारखाने कामगारांच्या संस्थांकडं सोपवायचं ठरवलं. पुढं काय झालं असतं कुणास ठाऊक. लष्करानं शहरात शिरून हजारो माणसं कापून काढली.

रशियाबद्दल मात्र मला कठोर बोलावं लागतं, आणि मी समाजवादी आहे म्हणूनच बोलावं लागतं. १९१७ साली जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना मिळाली. १९२९ नंतर तीच जमीन सक्तीनं एकत्र केली गेली. धान्य किती पिकलं हे सांगणारा, मोजणारा, उचलून नेणारा आणि तक्रार ऐकणारा, सगळा एकच पक्ष. वहीत दुसऱ्या कुणाला लिहायची मुभा नव्हती. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये, कझाकस्तानात लाखो माणसं उपाशी मेली, आणि ती मरत असताना वसुली चालू होती. धान्य पिकवणाऱ्याच्या घरात दाणा नाही आणि कागदावर कोठारं भरलेली. आमच्या विहिरीवर चारातल्या एकाच घरानं वही आपल्या घरी नेऊन ठेवली असती तर पहिल्या वर्षी भांडण झालं असतं, दुसऱ्या वर्षी लबाडी आणि तिसऱ्या वर्षी कुणाचा तरी ऊस वाळला असता.

म्हणून जमिनीचं काय करायचं असं कुणी विचारलं तर मी सांगते, दीड-दोन एकरवाल्याच्या जमिनीला हात लावू नका. मार्क्सचा सोबती एंगल्स यानं १८९४ साली हेच लिहिलं होतं, की छोट्या शेतकऱ्याला जबरदस्तीनं आत ओढायचं नाही, उदाहरण दाखवून आणि मदत करून येऊ द्यायचं. आपल्याकडं कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला मालक केलं आणि ते मोठंच काम झालं. पण पाणी जमिनीच्या मागं मागंच गेलं. ज्याला एकर जास्त त्याला पाणी जास्त, आणि ज्याला गुंठाही नाही त्याला घोटभरसुद्धा नाही. माझ्या मते नव्या मांडणीची सुरुवात जमिनीपेक्षा पाण्यापासून व्हायला हवी.

हे मी हवेत बोलत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीला नव्हतं, माणसांना होतं. डोई अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. आणि आमच्या खानापूर तालुक्यात, येरळेच्या काठी, बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं ते १९८० च्या दशकात. १९८२ चा गिरणी संप झाला, मुंबईची माणसं गावी परतली, तर गावात दुष्काळ. मुक्ती संघर्ष चळवळ त्यातूनच उभी राहिली. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोक म्हणाले, नदी आमची तर वाळूही आमची, आम्ही थोडी वाळू विकू आणि त्या पैशातून आमचं धरण बांधू. आणि पाणी घरटी सारखं वाटू, ज्याला जमीन नाही त्यालाही देऊ. भूमिहीनानं पाणी घेऊन करायचं काय, असं शहाणे लोक विचारायचे. तो दुसऱ्याची जमीन वाट्यानं घेईल, नाहीतर आपलं पाणी दुसऱ्याला देऊन पिकात हिस्सा मागेल. हक्काचं पाणी हातात असलं की बांधावर उभं राहून बोलता येतं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी माझ्याच विहिरीकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. ते लक्ष वेधलं आमच्याकडं भांगलायला येणाऱ्या मावशींनी. परवाच्या उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा होता. मावशी, त्यांची सून आणि गल्लीतली आणखी सात-आठ माणसं कामाला होती. दुपारी चिंचेखाली भाकरी खाताना मी कौतुकानं त्यांना वहीची पद्धत सांगत होते. कशी समान, कशी बिनतक्रार. मावशींनी कांदा फोडला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ताई, इहीर खांदली वडारांनी. माजा सासरा बी हुता त्येंच्यासंगं डबर उचलायला. गाळ दरसाली आमी काढतो. आमचा आणा कुठल्या पानावर लिव्हलाय?"

मी काय बोलणार. रोजगार दिला होता, असं मनात आलं आणि तोंडातून बाहेर पडेना.

तेव्हापासून मला जिथं तिथं वहीतली नावंच दिसतात. सहकारी साखर कारखाना घ्या. आमच्या भागानं देशाला शिकवलेली ही गोष्ट. माणसाला एक मत, शेअर कितीही असोत. कारखाना आला आणि गावाला शाळा मिळाली, रस्ता मिळाला, पोरं इंजिनियर झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण सभासद कोण, तर ज्याच्या नावावर ऊस आहे तो. थंडीत पहाटे तीनला फडात उतरणारी टोळी सभासद नाही. फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत ती चार-पाच महिने राहते, तिथंच बाया बाळंत होतात. त्यांच्या हिशोबात "एक कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांची मिळून उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात पडते. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई या हिशोबात कोयत्याची अर्धी मूठ आहे, तिला स्वतःचं नाव नाही. आणि ज्याचं नाव आहे त्या शेतकऱ्याला तरी सुख आहे का? ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असं १९६६ चा सरकारी आदेश सांगतो, आणि कित्येक हंगामांत त्यासाठी रस्त्यावर बसावं लागतं.

क्रांतीनंतर कारखान्याची यंत्रं तीच राहणार, बॉयलर तोच, काटा तोच. बदलायची ती सभासदांची यादी. साखरेच्या पोत्यात ज्याचा ज्याचा घाम आहे तो सभासद: ऊस लावणारा, तोडणारी, बॉयलरवरचा, ट्रॅक्टरवाला. काट्यावर एक माणूस तोडणी टोळीनं निवडलेला, तोही दर हंगामाला बदलणारा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मिळकतीत किती पट अंतर चालेल ते सर्वसाधारण सभेनं हात वर करून ठरवावं. स्पेनमधल्या मोंद्रागोनमध्ये १९५६ पासून कामगारांच्या मालकीचे कारखाने चाललेत, तिथं सुरुवातीला हे अंतर तिप्पट होतं. म्हणजे हे जमतं, आणि यंत्रं विकून खायची वेळही येत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो, अडीचशेच्या आसपास माणसं. त्या आठवड्यात पैशाला किंमत उरली नव्हती. ज्याच्याकडं गॅस होता त्यानं गॅस आणला, ज्याच्या दुकानातले तांदूळ वाचले होते त्यानं तांदूळ आणले. पाटावर बसणारी आणि पाटाला शिवू न दिलेली घरं एका पातेल्यात जेवली. लहान लेकरांना आधी, औषधं चालू असलेल्यांना नंतर, मग बाकीचे. कुणी ठरवलं नाही, ते ठरत गेलं. गरजेप्रमाणे वाटप म्हणजे काय हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत होते, ते त्या पातेल्यापाशी पाहिलं. संडास कुणी धुवायचे यावर मात्र दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या नजरा एका ठरावीक वस्तीतल्या माणसांकडं वळल्या. एका निवृत्त शिक्षिकेनं खडूनं भिंतीवर खोल्यांचे आकडे लिहिले, आज ही खोली, उद्या ती, आणि पहिल्या दिवशी स्वतः झाडू घेतला. क्रांतीनंतर घाण काम कोण करणार या प्रश्नावर माझ्याकडं याहून चांगलं उत्तर नाही.

पाणी ओसरलं आणि पंचनाम्याची यादी आली. घरपट्टी ज्याच्या नावावर त्याचं नाव यादीत. आमच्या शेजारच्या खोल्यांतली भाडेकरू कुटुंबं सुटली, आणि पुन्हा पुन्हा खेटे घालूनही त्यांतल्या दोघांचं नाव कधी आलंच नाही. पातेल्यात सगळे होते. यादीत नव्हते.

आता दुधाचं. त्या मुलाला मी पुढच्या तासाला सांगितलं, की दूध घालणारी काल जी बाई होती तीच उद्या असेल. पहाटे उठून धार काढेल, किटली घेऊन संकलन केंद्रावर जाईल. गावागावातलं दूध गोळा होऊन टँकर भरतो आणि ठरल्या वेळी शहरात पोचतो, ही योजनाच आहे, आजही आहे. बदल व्हायचा तो फॅटच्या मशीनपाशी. फॅट आणि एसएनएफचा, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचा आणि बाकीच्या घन पदार्थांचा, जो आकडा उमटतो तो त्या बाईला पाहता आला पाहिजे, तपासून मागता आला पाहिजे, आणि दर कसा ठरला हे तिला विचारता आलं पाहिजे. मुलगा म्हणाला, "पण देशभराचा एवढा हिशोब कोण ठेवणार?" हा आक्षेप जुना आणि तगडा आहे. ऑस्ट्रियाच्या मीझेस या अर्थतज्ज्ञानं १९२० साली तो मांडला: बाजारातल्या किमती नसतील तर कुठं काय लागतं हे कळणार कसं? मला तो पूर्ण खोडता येत नाही, आणि भाजीचा, खानावळीचा, शिंप्याचा बाजार बंद करावा असं मला वाटतही नाही. पण चिलीत १९७१ ते ७३ दरम्यान आयेंदे यांच्या समाजवादी सरकारनं कारखाने टेलेक्सनं, म्हणजे टाईप केलेला मजकूर तारेवरून पाठवणाऱ्या यंत्रानं, जोडले होते, आणि १९७२ च्या ऑक्टोबरात ट्रकमालकांनी बंद पुकारला तेव्हा त्या टेलेक्सवरून माल कुठं अडलाय, गाड्या कुठं मोकळ्या आहेत हे कळवत सरकारनं पुरवठा चालू ठेवला. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं ते सरकारच उलथलं. आज ज्या टोळीच्या खिशात मोबाईल आहे तिला काट्यावरचं वजन त्याच मिनिटाला दिसायला तांत्रिक अडचण कसलीच नाही.

एक गोष्ट आबांच्या वहीतही नव्हती आणि माझ्याही डोक्यात उशिरा आली. रात्रीच्या पाळीला आबा दारं धरायचे तेव्हा बॅटरी घेऊन आज्जी सोबत असायची. एकाला एक सोबत हवी, विंचू-काट्याचं रान. रात्रभर जागून ती पहाटे चूल पेटवायची. चाळीस वर्षांच्या वह्यांत तिचा एकही तास नाही.

या श्रावणातल्या अवसेला मी मुद्दाम गावी गेले. वही वाचून झाल्यावर विषय काढला, की आपण चारी घरांनी आपापल्या पाळीतले दोन-दोन तास काढावेत आणि फेऱ्याला आठ तास मावशींच्या गल्लीला द्यावेत. ओढ्याकडची वहिनी सगळ्यात आधी हो म्हणाली, तिचा तर फेऱ्याला एकच दिवस आहे. चुलते गप्प बसले, मग म्हणाले, "बघू. एक हंगाम करून बघू." थोरल्या घरचे दादा उठून गेले. त्यांचा ऊस वीस एकर आहे आणि उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, त्यांची भीती खोटी नाही. मी त्यांच्या मागून घरी गेले, चहा घेतला, वाद घातला नाही. ते एवढंच म्हणाले, "गाळ काढायला ती मान्सं नसतील तर इहीर माझी बी न्हाई, ते मला कळतं गं. पर पोरं ऐकायची न्हाईत." पुढच्या अवसेला पोरांना घेऊन बसायचं ठरलंय.

परत आले तर माझा भाऊ मोटारीच्या खोलीत होता. त्यानं नवीन पानावर चाराऐवजी पाच रकाने आखले होते. पाचव्याच्या डोक्यावर पेन टेकवून थांबला होता. मावशी दारात उभ्या होत्या, हाताला चिखल.

"आक्के," त्यानं मला विचारलं, "नाव मावशींचं घालू, का त्यांच्या यजमानांचं?"

मी मावशींकडं पाहिलं. त्यांनी पदराला हात पुसले, आत आल्या आणि वहीवर वाकून म्हणाल्या, "कुठं लिवतुयास ते दाव आदी."